नॉझलपासून टाकीपर्यंत

बोटीचं इंजिन बंद पडलं, की धक्क्यावर सगळ्यांत आधी निदान पोचतं. मेस्त्री मागून येतो, त्याचे पाने त्याच्याही मागून, आणि बोट तर अजून दुसऱ्या बोटीच्या दोराला लागून खाडीच्या तोंडाशी असते. तोवर इकडे उभ्या मंडळींचं ठरून गेलेलं असतं. एक म्हणतो, "एअर घेतलान." दुसरा म्हणतो, "नॉझल गेला आसंल." तिसरा काहीच बोलत नाही. पाण्याकडे बघत नुसती मान हलवतो, आणि सगळे आपल्याकडे वळलेत याची खात्री झाली, की सांगतो, "पंप उतरवायला लागणार."

या तिसऱ्याला मान मोठा. कोकणातल्या बंदरांवर मी वर्षानुवर्षं बघत आलोय, बिघाड जितका महाग सुचवावा, तितका सुचवणारा जाणकार ठरतो. "टाकीत डिझेल आहे ना, ते बघा" असं म्हणणाऱ्याला कुणी चहा पाजल्याचं मला आठवत नाही. वास्तविक डिझेल टाकीतून निघतं आणि नॉझलला पोचतं. आपला संशय मात्र नॉझलपासून निघतो आणि, पोचलाच तर, टाकीला पोचतो.

मधलं अंतर फार नाही. टाकीच्या खाली कॉक. तिथून रबरी नळी, मग पाणी आणि गाळ खाली बसावा म्हणून लावलेलं एक भांडं, मग इंजिनाच्या कुशीला चिकटलेला फीड पंप. हा टाकीतलं डिझेल ओढतो आणि दोन फिल्टरांतून पुढे ढकलतो. त्यानंतर मोठा पंप, ज्याला आमच्याकडे अजूनही सगळे 'मायको' म्हणतात. बंगळूरच्या त्या कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, पण ती बातमी धक्क्यापर्यंत आलेली नाही. शेवटी सिलिंडरागणिक एक लोखंडी नळी आणि एक नॉझल. उरलेलं डिझेल परताव्याच्या नळीने मागे टाकीत. (मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचाही परतावा मिळतो. दोन्ही परताव्यांच्या वेगाची तुलना धक्क्यावर नेहमी चालते.) सगळं मिळून आठ-दहा हातांचा रस्ता. एवढ्या रस्त्यावरची चर्चा मात्र हर्णैहून निघून मालवणपर्यंत जाऊन येते, कारण तिथे कुणाच्या तरी मेव्हण्याच्या बोटीला अगदी हेच झालं होतं.

आमच्याकडे बोट केवढी असं विचारलं, तर कुणी फूट सांगत नाही. "सहा सिलिंडर," म्हणतात, आणि म्हणताना छाती थोडी पुढे येते. जुन्या बोटींतली ही सहा सिलिंडरं बरेचदा मुळात ट्रकची. घाट चढायला जन्मलेलं इंजिन, रेडिएटर काढून, समुद्राच्या पाण्यावर गार व्हायची सोय करून, बोटीच्या पोटात उतरवलेलं असतं. उमेदीची वर्षं रस्त्यावर गेली, आता खारी हवा. त्याच्या तब्येतीबद्दल बोलताना मालक आवाज खाली आणतो. ते ऐकतं, अशी समजूत असावी.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की तिचं तापमान ५०० अंशांच्या वर जावं, आणि नेमक्या त्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा मारायचा. ते आपणहून पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली ऑग्सबर्गला हे इंजिन नीट चालवून दाखवलं, आणि १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला जाताना ते रात्रीतून बोटीवरून नाहीसे झाले. बोट वाफेची होती. आमच्या एका ड्रायव्हरला ही हकिकत सांगितली, तेव्हा तो बराच वेळ विचारात पडला आणि मग म्हणाला, "मधे बंद पडली होती काय?"

तर इंजिनाला हवा आणि डिझेल दोन्ही लागतं. अट एवढीच की दोघांची भेट सिलिंडरमध्ये व्हावी, वाटेत नव्हे. वाटेत झाली की घोटाळा. १५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनात मोठा पंप मिनिटाला ४५०० फवारे मारतो, आणि दर फवाऱ्याला डिझेल जेमतेम थेंब-दीड थेंब. त्यासाठी पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात फट ठेवलेली असते मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाची. माणसाचा केस त्याच्या वीसपट जाड. नॉझल उघडायला वातावरणाच्या दोनशेपट दाब लागतो. डिझेल दबत नाही म्हणून तो दाब तयार होतो. त्यात हवेचा बुडबुडा आला की दट्ट्या वर जातो तेव्हा बुडबुडा आकसतो, खाली येतो तेव्हा फुगतो, आणि नॉझलला यातलं काही कळतही नाही. स्टार्टर घरघरतो, बॅटरी उतरते, तांडेल किनाऱ्याकडे बघतो.

म्हणजे "एअर घेतलान" म्हणणारा पहिला माणूस बरेचदा बरोबर असतो. पंचाईत त्यापुढे आहे. एअर कुठून घेतलान?

टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढणारी. तिला चीर पडली, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे मालक अभिमानाने इंजिनाच्या खोलीत बॅटरी फिरवतो आणि म्हणतो, "बघा, एक थेंब तरी गळतोय काय?" नाहीच गळत. तीच तर तक्रार आहे. पंपाच्या पुढच्या बाजूला गळती असेल, तर तिथे डिझेलचा ओघळ दिसतो, हात लागतो, वास येतो, आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात. मागच्या बाजूची चीर कोरडी, स्वच्छ, निरपराध दिसते. उन्हाने कडक झालेली नळी किंवा दहादा आवळून चपटा झालेला तांब्याचा वायसर, एवढंच. हा वायसर नवा आणायला फारसे पैसे पडत नाहीत, आणि नवा नसेल तर जुना लाल होईस्तो तापवून पाण्यात बुडवला की मऊ होऊन पुन्हा बसतो. पण आमच्याकडे त्यावर दोरा गुंडाळतात, दोऱ्यावर अंगाचा साबण लावतात, साबणावर एम-सील. काही बोटींच्या नळीवर हे थर इतके चढलेत की मूळ नळी आहे की नाही हे कुणी पैजेवर सांगू शकणार नाही.

एअर काढण्याचा कार्यक्रम मात्र बघण्याजोगा. फिल्टरवरचा बोल्ट सैल करायचा आणि फीड पंपाचा हातपंप मारत राहायचं. आधी नुसता फेस येतो, मग फेसातून डिझेल, मग डिझेलमध्ये चुकार बुडबुडे, आणि अखेर सलग धार. धार सलग आली की पंप मारता मारताच बोल्ट आवळायचा. त्यासाठी दोन माणसं लागतात, आणि त्यांचं आपसात कधी पटत नाही. पाना धरलेला म्हणतो, "मार, मार." हातपंपावरचा म्हणतो, "आवळ की आता." ज्याचा अंगठा दुखतो त्याला धार लवकर सलग दिसते. मग मोठ्या पंपावर तोच खेळ, मग सतराच्या पान्याने नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर. इंजिन एकदा खोकतं, दुसऱ्यांदा खोकतं, आणि धरतं. धक्क्यावर समाधानाचा श्वास सुटतो. जो तो आपापल्या कामाला जातो. हवा आली कुठून हा प्रश्न तिथेच टाकीवर बसून राहतो.

एक बोट मला माहीत आहे, तिच्यावर रोज पहाटे नांगर उचलायच्या आधी एअर काढतात. गणपतीचं नाव घ्यायचं, उदबत्ती लावायची, एअर काढायची. नव्या खलाशाला हे इंजिन चालू करण्याचंच अंग वाटतं. त्याला जुने खलाशी तसंच शिकवतात. नळी बदलायचं कुणी सुचवलं, तर मालक दुखावतो. "चालू होतंय ना?"

पाण्याची गोष्ट वेगळी. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवायच्या. बहुतेक मालक तेव्हा टाकी अर्धीमुर्धी सोडतात, कारण दोन महिने बिनकामाच्या डिझेलमध्ये पैसे कोण अडकवून ठेवणार? रिकाम्या अर्ध्या भागात पावसाळ्याची दमट हवा, तिला रात्री घाम फुटतो आणि तो खाली उतरतो. डिझेल पाण्याहून हलकं, त्यामुळे पाणी तळाला, डिझेल वर, आणि दोघांच्या सीमेवर बुरशी. ही बुरशी राहते पाण्यात आणि जेवते डिझेलमध्ये. इतकी सोयीची जागा मुंबईत कुणाला मिळत नाही. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्याच लाटेला ही काळी बुळबुळीत वसाहत ढवळून उठते आणि फिल्टरात जाऊन बसते. खाडीत गुण्यागोविंदाने चालणारं इंजिन समुद्रात शिरलं की मरतं ते यासाठी. तळाचा कॉक उघडून पेलाभर सोडून बघितलं तर पाणी की डिझेल हे पोरालाही कळेल. पण पेलाभर डिझेल सांडायचं म्हणजे मालकाच्या जिवावर येतं. त्यापेक्षा तो "पंपावरच भेसळ करतात हो" म्हणतो. त्याला पैसे पडत नाहीत.

इंजिन स्वतःही थोडंफार सांगत असतं, धुरातून. स्टार्टर फिरतोय आणि धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर, तर पोचतंय पण पेटत नाही. चालू बोट जड होऊन काळा धूर ओकायला लागली, तर मुळात डिझेलकडे बघूच नये, आधी मागे जाऊन पंख्याकडे बघावं. तरी लोक बघत नाहीत. दोन माणसं तासभर घाम गाळून एअर काढतात, फिल्टर बदलतात, नॉझलला शिव्या घालतात, आणि मग कुणीतरी लघवीला म्हणून मागे जातो आणि पंख्याला गुंडाळलेलं दुसऱ्याचं अर्धं जाळं घेऊन येतो.

दुसरं एक दुखणं तर फारच घरगुती. या इंजिनांना बंद करण्याची खुंटी असते. ती ओढली की तार मोठ्या पंपाचं डिझेल तोडते. खुंटी भिंतीतून बाहेर आलेली, गोल मुठीची, हाताला सोयीची. त्यामुळे तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. ओला टॉवेल जड. खुंटी अर्धवट ओढली जाते. इंजिन अर्धपोटी चालतं, आणि मालक तालुक्याला फोन लावून विचारतो, पंप उतरवायचा तर किती पडतील?

आमच्या बंदरातला जुना मेस्त्री आला की पहिल्यांदा टॉवेल काढतो. मग टाकीकडून येणारी नळी सोडवतो आणि आपल्या कॅनमधलं स्वच्छ डिझेल थेट फीड पंपाला जोडतो. कॅन वर टांगलेला. एअर काढतो, इंजिन चालू करतो, बिडी पेटवायला बाहेर जातो. इंजिन चालत राहिलं, तर दोष मागे, टाकीकडे. बंद पडलं, तर पुढे. अर्धा रस्ता एका झटक्यात निर्दोष सुटतो. पुढे दोष असेल, तर एकेका नळीचा नट किंचित सैल करतो. मास्तर वर्गात हजेरी घेतात तसाच हा प्रकार. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाज बदलतो तो हजर, ज्याचा बदलत नाही तो नुसता पटावर. हे करताना तो पोरांना लांब उभं करतो आणि फवाऱ्यापुढे हात धरू देत नाही. दोनशेपट दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, आणि मग तालुक्याचा रस्ता पंपासाठी नव्हे, हातासाठी धरावा लागतो.

पण या पद्धतीत नाट्य नाही. कॅन टांगणं बघायला गर्दी जमत नाही. मालकालाही वाटतं, एवढा माणूस बोलावला आणि याने कॅन टांगला? मी स्वतः कॅन टांगला असता. (टांगला नसता.) म्हणून मेस्त्रीला शेवटी बोलावतात. तोवर बाकीचे येऊन गेलेले असतात.

गेल्या हंगामातली गोष्ट याच चालीची. नारळी पौर्णिमा झाली, नारळ दर्यात गेले, बोटी निघाल्या. एका सहा सिलिंडरवाल्याचं इंजिन अर्धा तास झकास चालायचं, मग श्वास लागल्यागत आवाज उतरायचा आणि बंद. एअर काढली. चालू. अर्ध्या तासाने बंद. फिल्टर बदलले. चालू. अर्ध्या तासाने बंद. नॉझल काढून तालुक्याला नेले, तपासून आणले. चालू, आणि पुन्हा अर्ध्या तासाने बंद. दर इलाजाला गुण येत होता, ही त्यातली खरी मेख. गुण येत नसता, तर एखाद्याने तरी आपला मुद्दा सोडला असता. इथे एअरवाला, फिल्टरवाला, नॉझलवाला, तिघंही आपापल्या जागी सिद्ध झालेले. मग राहिला मोठा पंप. तो उतरला, एसटीच्या मागच्या सीटवर बसून तालुक्याला गेला, टेस्ट बेंचवर चढला, आणि जाड बिल घेऊन परत आला.

त्या बोटीवर जेवण रांधायला एक पोरगा होता. त्याचं एक काम ठरलेलं. बोट बंद पडली, की कुणीतरी विचारायचं, "डिझेल हाय ना रे?" मग तो टाकीचं झाकण उघडून आत काठी घालायचा आणि ओली काठी दाखवायचा. डिझेल असायचं. झाकण लावायचा. दर वेळी झाकण उघडताना फुस्स आवाज यायचा. हे त्याने दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तांडेल म्हणाला, "तुझा भात बघ." दुसऱ्यांदा मालक म्हणाला, "गप ऱ्हा."

आता, टाकीतलं डिझेल जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी टाकीला एक वाकडी श्वासनळी असते, करंगळीएवढी. ती तुंबली की टाकीत ओढ तयार होते, फीड पंप ओढून ओढून थकतो, इंजिन बंद. झाकण उघडलं की फुस्स करून हवा आत, आणि पुढच्या अर्ध्या तासाची सोय. म्हणजे एअर, फिल्टर आणि नॉझल यांच्या प्रत्येक विजयाच्या आधी पोरग्याने काठी घातलेली होती.

पंप बसल्यावर बोट निघाली. पोरग्याने यावेळी झाकण फिरवलंच नाही, वर नुसतं ठेवून भोवती फडका गुंडाळला. बोट गेली, जाळी टाकली, मासळी घेऊन आली, इंजिनाचा आवाज एकदाही उतरला नाही. मालक धक्क्यावर उभा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "शेवटी पंपच निघाला. मी पयल्यापास्नं म्हणत होतो." पंपवाल्याची कीर्ती त्या संध्याकाळी तीन बंदरांत गेली. मग मालक बोटीवर चढला, सैल झाकण बघून पोरग्यावर ओरडला, "पाणी जाईल ना टाकीत!" आणि झाकण स्वतःच्या हाताने गच्च आवळून खाली उतरला.

मेस्त्री तिथेच होता. त्याने पोरग्याला तार आणायला सांगितली. श्वासनळीच्या तोंडातून आधी वाळका चिखल निघाला, मग आणखी चिखल, आणि त्यात चार-पाच हिरव्या अळ्या, वाळून काटकी झालेल्या. बंदीच्या दोन महिन्यांत कुंभारीण माशीने नळीत घर बांधून पोरांच्या जेवणाची बेगमी केली होती. पोरग्याने ते सगळं तळहातावर घेतलं आणि मालकाला दाखवायला धक्क्याकडे निघाला.

मेस्त्रीने त्याला बाहीला धरून थांबवलं. "आज नको," तो म्हणाला. "पंपवाल्याचं बिल अजून द्यायचं राहिलाय त्यांचा."